लुंबिनीचा फाटा

नेपाळला जाऊन आलोय हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. आमच्या कचेरीत त्या सहलीचे फोटो अजून निघतात. चहाच्या वेळेला कुणीतरी पाकीट घेऊन येतं आणि पोखऱ्याच्या तळ्यातली होडी, मागे बर्फाचे डोंगर, स्वेटर-मफलरातले आम्ही सगळे, असं एकेक हातोहात फिरतं. मी बघतो आणि पुढे देतो. त्या सगळ्या फोटोंत माझी माय एकाच फोटोत आहे, तीही कडेला, अर्धी कापलेली. यात फोटो काढणाऱ्याची चूक नाही. मीच तिला 'जरा तिकडे हो' म्हणालो होतो.

लोकांत मी तिला आई म्हणायचो, घरी माय. इथे माय लिहितो.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो, नुकताच दुसऱ्या गावाहून बदलून आलेलो. आमचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत मायचा पदर धरून उभा होतो हे मला स्पष्ट आठवतं. पण नागपूरच्या कचेरीत मी हे कुणाला सांगितलं नाही. माझं आडनाव असं की त्यावरून माणूस कुठल्या घरचा ते कळत नाही. कुठे राहता, असं कुणी विचारलं की मी वस्तीचं नाव न घेता जवळच्या चौकाचं नाव सांगायचो.

याला कारण नव्हतं असं नाही. आधीच्या गावी माझी जात कळल्यावर माठाशेजारी एक वेगळा पेला आला होता. कुणी मला काही बोललं नाही. पेला मात्र आला, आणि सगळे मला आणखी अदबीनं वागवायला लागले. ती अदब मला नागपुरात नको होती.

म्हणून मी बोलणंसुद्धा घासूनपुसून घेतलं. मले, तुले, काहून, जाऊन राहिलो, सगळं टाकलं. गंमत अशी, की आमचे हेडक्लार्क महाल भागातले, पिढ्यान्‌पिढ्या नागपूरचे, ते खुशाल "काय करून राहिले?" म्हणायचे आणि मी "काय करीत आहात?" म्हणायचो. "तुम्ही फार पुस्तकी बोलता बुवा," असं ते एकदा म्हणाले. मला ती स्तुती वाटली. घरीही मी तसाच बोलायला लागलो. माय तिच्या बोलीत विचारायची, मी माझ्या पुस्तकात उत्तर द्यायचो.

नेपाळची टूम हेडक्लार्कांचीच. गोरखपूरपर्यंत रजेच्या सवलतीत रेल्वे, तिथून पुढे बस ठरवायची. परदेश म्हणजे परदेश, आणि पासपोर्टाची भानगड नाही. शिवाय तिकडे बाहेरचा माल मिळतो, जपानी घड्याळं, घडीच्या छत्र्या, नायलॉनच्या साड्या. कचेरीतली सगळी जोडप्यानं निघाली. माझी बायको बाळंतपणाला उमरेडला माहेरी गेली होती, तेव्हा मी एकटाच जाणार होतो. हे मी मायला जेवताना सांगितलं.

माय म्हणाली, "नेपाळ म्हंजे तिथीच ना गा लुंबिनी?"

"हो, वाटेत आहे. येताना शेवटच्या दिवशी जाणार आहेत."

माय संध्याकाळी विहारातून परतली ती सगळं ठरवूनच. "म्या सांगून देल्लं समद्याईले. मी चालली मनून."

मायनं तोवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बाप गिरणीत होता, तो लवकर गेला. तिनं घरी विड्या वळून मला शिकवलं. दीक्षेनंतर वस्तीत बायांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, त्यात ती अक्षरं शिकली. तेव्हापासून रस्त्यात दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची तिला सवय लागली. दुकानाची पाटी, डॉक्टराची पाटी, 'येथे थुंकू नये'सुद्धा. आणि आता विहारातल्या बायांमध्ये भगवंताची जन्मभूमी डोळ्यांनी पाहणारी ती पहिली होणार होती. बायांनी तिला एकेक मेणबत्ती आणून दिली, माझ्या नावानं तिथे लाव म्हणून. कुणाची कोणती ते कळावं म्हणून मायनं प्रत्येक मेणबत्तीला वेगळ्या रंगाचं सूत बांधलं. ती उमरेडच्या कोष्टीकामात वाढलेली, तिच्यापाशी सुताचे रंगीत तुकडे नेहमी असायचे.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "सगळे कचेरीतले लोक आहेत. त्यांना नमस्कार म्हणायचं. जयभीम नको."

ती मेणबत्त्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळत होती. "काहून?"

"त्यांच्यात तसं म्हणत नाहीत."

"नमस्कार तं नमस्कार," ती म्हणाली. मग गाठ मारता मारता, "लुंबिनीले तं जयभीम चालते ना?"

मी हसलो नाही.

खोटं कशाला लिहू, मला नेपाळ फार आवडलं. सीमा ओलांडली आणि बस घाटाला लागली तसं अंगावरून काहीतरी उतरत गेलं. काठमांडूच्या गल्ल्यांतल्या लाकडी खिडक्या, सकाळचं धुकं, मोहरीच्या तेलाचा वास, कानटोप्या घातलेली माणसं. तिथल्या कुणालाही मी कुठल्या वस्तीतला हे जाणून घ्यायचं नव्हतं. असं हलकं मला नागपुरात कधी वाटलं नव्हतं, आणि पुढेही वाटलं नाही.

मायचं वेगळं होतं. डोंगरांनी तिला धाकच घातला. "इतले उच्चे डोंगर कायले पाह्यजे? हे लोकं वावर कोठी करते?" असं ती खिडकीला नाक लावून म्हणत राहिली. मग उतारावर पायऱ्यांसारखी शेतं दिसली तेव्हा तिचं समाधान झालं. केस वाढवलेली गोरी पोरं-पोरी रस्त्याच्या कडेला बसलेली पाहून म्हणाली, "घरी खायाले असून हे असं. यायच्या माया रडत असंन ना बापा."

एका सकाळी बाजारात संत्री दिसली. नागपूरची माणसं संत्र्यापुढून सरळ जात नाहीत. हेडक्लार्कांच्या बायकोनं, त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, विकणाऱ्या बाईला हिंदीत विचारलं की ही कुठली. बाईनं मान हलवली आणि म्हणाली, "मलाई थाहा छैन."

वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, ही मलाई पण ठेवते."

माय पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मलाई नोहे बाई. 'मले' मनून रायली ते. मले ठाव नाई, असं."

वहिनींनी पुन्हा एकदा विचारून खात्री केली, आणि मग सगळ्यांनाच मजा वाटली. "वा मावशी, तुम्हाला तर नेपाळी येतं!" त्या दिवसापासून बाजारात मायला पुढे घालायची पद्धत पडली. ती तिच्या बोलीत बोलायची, दुकानदार त्यांच्या बोलीत, आणि निम्म्या वेळा जमायचं. "हे तं आपल्यावाणीच बोलते," ती मला सांगायची, "मलाई, तिमीलाई. आपन उगाच दूर समजतो." माझे कान गरम व्हायचे. सगळे हसत होते ते प्रेमानं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की जे मी इतकी वर्षं तोंडातून काढून टाकत होतो ते माझी माय परदेशात भर बाजारात मोठ्यानं बोलतेय.

तिथल्या शंकराच्या मोठ्या देवळाच्या दाराशी पाटी होती. मायनं सवयीनं हवेत बोट फिरवत वाचली, "हिन्दू... हरू... लाई मात्र प्रवेश." मग थांबली. "मंग पुढचं कोठी हाये? हिंदूले मात्र प्रवेश, अन बाकीच्याईले?" आपल्याकडे 'मात्र' आलं की पुढे काहीतरी उलटं येतं. ती त्याची वाट बघत होती.

मी हळूच म्हणालो, "मात्र म्हणजे फक्त."

"असं होय." तिनं पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि बाजूच्या ओट्यावर जाऊन बसली.

वहिनींनी विचारलं, "काय झालं मावशी, येत नाही?"

"गुडघे धरलेत तिचे," मी म्हणालो. "पायऱ्या जमायच्या नाहीत."

मायचे गुडघे तेव्हा माझ्यापेक्षा धड होते. "मावशी बसल्याच आहेत तर चपलांकडे लक्ष राहील," असं कुणीतरी सहज म्हणालं, आणि बघता बघता तिच्यापुढे सगळ्यांच्या चपलांचा ढीग झाला. त्यात माझे बूट होते. मी आत गेलो, रांगेत उभा राहिलो, हात जोडले, कपाळाला गंध लावून घेतलं. असल्या देवांना हात जोडणार नाही, अशी प्रतिज्ञा मी लहानपणी त्या पांढऱ्या गर्दीत मोठ्यांच्या मागून म्हटलेली होती. बाहेर आलो तेव्हा माय चपलांच्या जोड्या लावून ठेवत होती. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि माझे बूट पुढे सरकवले.

दुपारी टेकडीवरच्या स्तूपाला गेलो, ज्याच्यावर डोळे रंगवलेले आहेत तो. तिथे मायचा चेहरा उजळला. तिनं प्रदक्षिणा घातली, हात जोडून वंदना म्हटली. लोक पितळी चक्रं फिरवत होते, ते मात्र तिला पटलं नाही. "हे फिरवून काय होते? आपल्याले तं असं कोनी सांगतलं नाई." वहिनी जवळच होत्या. मायच्या काखेतलं लुगड्याचं गाठोडं पाहून त्या म्हणाल्या, "मेणबत्त्या आहेत ना मावशी? लावा की इथेच. किती छान जागा आहे."

"नाई बाई. ह्या लुंबिनीच्या हायेत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पाहण्यात साधं कुतूहल होतं. मी विचारलं नसताना बोललो, "आमच्या शेजारी वस्ती आहे ना, त्या लोकांनी दिल्यात. आई कुणाला नाही म्हणत नाही."

त्या लोकांनी. माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या व्हरांड्यात चहा चालला होता. बायका आत आवरत होत्या. हेडक्लार्क म्हणाले, "जरा ऐकून घ्या. आपला शेवटचा दिवस लुंबिनीचा आहे. आता सगळ्यांचं म्हणणं, बाजार राहून गेला. इथं एक दिवस वाढवला तर लुंबिनी सोडावी लागते, गोरखपूरचं रिझर्वेशन काही हलत नाही. तशी तिथं एक खांब अन एक तळं आहे म्हणतात. पण कुणाला जायचं असेल तर आत्ता बोला. मंग रस्त्यात कुरकुर नको."

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यापाशी ती जरा थांबली असं मला वाटलं, मग वाटलं भास झाला.

मला एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या आईला जायचंय. त्यानं काही उघडं पडलं नसतं. म्हाताऱ्या बायांना कुठे ना कुठे जायचंच असतं. मी तोंड उघडणार होतो आणि मला तो माठाशेजारचा पेला दिसला. मी बशीत चहा ओतला आणि तो फुंकत बसलो. "चला, मग बाजार," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे उठले.

त्या वाढलेल्या दिवसात मी एक घड्याळ घेतलं. ते अजून चालतं.

मायला मी काही सांगितलं नाही. परतीची बस निघाली, पोखऱ्याचा मुक्काम झाला, घाट उतरला. सपाटी लागली तशी ती ताठ बसली. पदर नीट केला, गाठोडं मांडीवर घेतलं, एकेक मेणबत्ती चाचपून पाहिली. थंडीतून उन्हात आल्यामुळे त्यातल्या काही वाकल्या होत्या, त्या तिनं तळहातावर वळून सरळ केल्या. भैरहवा आलं. चौकात बस जरा थांबली. समोर पाटी होती, बाण काढलेली, आणि ती तिनं सगळ्या बसला ऐकू जाईल अशी वाचली.

"लुम्... बि... नी." मग माझ्या खांद्याला हात लावून, "आलं ना गा. इकडं लिवलं हाये."

बस सरळ निघाली. फाटा उजव्या हाताला मागे गेला. माय मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. वहिनी त्यांच्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"रस्ता बंद आहे, आई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती त्या मागच्या काचेकडेच बघत होती, फाटा दिसेनासा झाल्यावरही. मग पुढे वळून बसली आणि सीमा येईपर्यंत एकही पाटी तिनं वाचली नाही.

नागपूरला पोचलो त्याच संध्याकाळी बाया घरी आल्या. दारातूनच एकीनं विचारलं, "कशी होती वं लुंबिनी?"

मी आतल्या खोलीत बूट काढत होतो. मायचा आवाज ऐकू आला. "रस्ता बंद होता वं. पूल वाहून गेल्ता मने."

पूल मी म्हणालो नव्हतो. तो तिनं घातला.

"म्हंजे आख्खं नेपाळ फिरली अन लुंबिनी तशीच ठेवली? बरी फिरली बापा तू."

बाया हसल्या. मायनं गाठोडं सोडलं आणि सुताचे रंग बघून ज्याची त्याला मेणबत्ती परत दिली. "हे तुयी. हे तुयी. हे तुया नातीची." एकीनं म्हटलं, राहू दे, इथल्याच विहारात लावून टाक माझ्या नावानं. मायनं ऐकलं नाही. तिच्या हातात नेऊन ठेवली.

यानंतर किती महिन्यांनी ते मला सांगता येणार नाही, एका पौर्णिमेला मी मायबरोबर विहारात गेलो. पुरुषांच्या बाजूला मागे बसलो होतो. पंचशील सुरू झालं. मायचा आवाज खडा आहे, सगळ्यांत वेगळा ओळखू येतो. तीन शीलं तिनं म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि तिचा आवाज ऐकू आला नाही. पाचव्याला पुन्हा आला. मला वाटलं ठसका लागला असेल. पुढच्या पौर्णिमेला मी मुद्दाम गेलो, तिचा चेहरा दिसेल असा बसलो. तेव्हाही तसंच झालं. तिचे ओठ मिटलेले होते आणि डोळे समोर. शेजारच्या बायांना ते कळत होतं की नाही, कोण जाणे.

तेव्हा मी तिच्याशी बोलायला हवं होतं. मी विहारात जायचं बंद केलं.

वर्षं गेली. पोरं झाली, शाळेत गेली. हेडक्लार्क निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम आटोपल्यावर, हातात हार आणि चिवड्याची पुडी घेऊन ते व्हरांड्यात माझ्यापाशी आले.

"एक विचारू का, रागावू नका. तेव्हा नेपाळात तुम्ही आईला लुंबिनी काहून नाही दाखवली? मी तर तुमच्याचकडे पाहून राहिलो होतो, की हे आता बोलतील. बोलले असते तर नेली असती ना बस."

मी म्हणालो, "तुम्हाला कसं..."

"अहो, नागपूर टेसनावर तुम्ही पाणी भराले गेले. तेवढ्यात तुमच्या आईनं मला जयभीम घातला. चांगला खणखणीत. मग जीभ चावली अन नमस्कार म्हणाल्या. मी म्हटलं, चालते आई, राहू द्या." ते हसले. "मला वाटलं तुम्हालाच नको असेल लुंबिनी-फुंबिनी. शिकलेल्या माणसाचं काय सांगता येते."

त्यांच्यावर मी किती विश्वास ठेवावा ते मला ठरवता आलेलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला घरी जेवायला कधी बोलावलं नव्हतं. पण पेला वेगळा ठेवला नव्हता हेही खरं. एवढं मात्र नक्की, की ज्या गोष्टीसाठी मी गप्प बसलो ती गोष्ट गाडी नागपूरहून सुटायच्या आधीच त्यांना ठाऊक होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी मायसमोर बसलो. तिचे गुडघे आता खरोखरच गेले होते, ती भिंतीला टेकून तूर निवडत होती. मी सांगितलं. रस्ता बंद नव्हता, मला लाज वाटली, मी बोललो नाही. बोलताना माझी शुद्ध भाषा कुठेकुठे अडखळली.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. हात थांबला नाही. "त्या रस्त्यानं बैलबंडी येऊन रायली होती. लोकं बसून होते तिच्यात."

"मग तू बायांना का..."

"मंग काय सांगू? माया पोराले माई लाज वाटली मनून सांगू?"

सुपातले खडे तिनं वेचून बाजूला टाकले. मी म्हणालो, आता नेतो, या थंडीत नेतो, गाडी करू, उचलून नेईन. ती म्हणाली, "माये पाय नाई चालत आता. ते जाऊ दे. तू त्या बायाईले खरं सांग. माया तोंडातून गेलं ते मले वापस घेता येत नाई. ते तुयं हाये. तू घे."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. तिनं पुन्हा आठवण केली नाही. एकदा फक्त त्या बायांतली एक आजारी पडल्याचं कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या रविवारी मी विहारात गेलो. वंदना संपल्यावर बाया उठायच्या आत उभा राहिलो आणि म्हटलं, मला काही सांगायचंय. काय बोललो ते आठवत नाही. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, हे आठवतं. सांगून झालं. मग मायच्या बरोबरीची एक म्हातारी म्हणाली, "मेणबत्ती नाई लागली तं नाई लागली. पन तुया मायले तू इतले वर्सं असं काहून ठेवलं रे?" एक तरुण पोरगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते प्यालो.

घरी आलो. मायनं विचारलं, "समद्या होत्या?"

"एक नव्हत्या."

"ते सावनेरले रायते आता. पोरापाशी."

मी चपला कोपऱ्यात सरकवल्या.

"मंग?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एसटीनं सावनेरला गेलो. तिचा मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला. घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिला कमी ऐकू यायचं. मी माझं नाव सांगितलं, मायचं सांगितलं. "लुंबिनी" म्हटलं तेव्हा तिनं कान पुढे केला. "हो, तुयी माय चालली होती लुंबिनीले. रस्ता बंद होता मने."

"नव्हता बंद," मी म्हणालो.

"आँ?"

मग मला ओरडून सांगावं लागलं. रस्ता चालू होता, मावशी, मीच नाई नेलं तिले, मले लाज वाटली. शेजारच्या दोन दारांत माणसं येऊन उभी राहिली. सून चुलीपाशी उठून आली. म्हातारीनं सगळं ऐकलं, मिरच्यांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "मले तं तिनं मेणबत्ती वापस देल्ली होती. म्या ते लाइट गेल्ती तवा घरीच लावली." सून हसली. म्हातारी हसली नाही. "तिले सांग, म्या आयकलं मनून. अन तू एसटीनं इथवर आला ना बापा, तं काई मोठं काम केलं असं समजू नोको. च्या पेऊन जाय."

चहा पिऊन निघालो. घरी येऊन मायला सांगितलं, ऐकलं म्हणाल्या. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलली.

आता तिला विहारात नेता येत नाही. सकाळी उजाडताना ती अंथरुणातच हात जोडून वंदना म्हणते. भिंत पातळ आहे, या खोलीत सगळं ऐकू येतं. पहिली तीन शीलं मी ऐकतो. मग उठतो आणि बादली घेऊन नळावर जातो.